वरचे वीस गुंठे

आमच्या सातारा-सांगली पट्ट्यात माणसाची पत त्याच्या रानावरून ठरते आणि रानाची पत त्यात काय उगवलंय यापेक्षा काय उगवलेलं नाही यावरून. एस.टी.च्या खिडकीला डोकं टेकून डुलक्या काढणारा प्रवासीसुद्धा कऱ्हाड सोडलं की मध्येच डोळे उघडतो, बाहेर बघतो आणि ओळख ना पाळख अशा शेजाऱ्याला सांगतो, "काय रान ठेवलंय बघा, काडी न्हाई तणाची." शेजारी मान डोलावतो. त्या रानात ऊस आहे की सोयाबीन, हा तपशील दोघांच्याही लेखी दुय्यम. लग्न जमवायला गेलेले लोक मुलाचं शिक्षण विचारतात ते घरी परतल्यावर बायकांना सांगायला. खरी पसंती त्यांनी येतानाच, बांधावरून, देऊन टाकलेली असते. उलट एखाद्याच्या सरीत हरळी दिसली की गाव तीन निदानं करतं: घरात कुणीतरी आजारी आहे, वाटणीचा दावा चालू आहे, नाहीतर मालक पुण्याला आहे. धडधाकट माणूस, दावा नसताना, गावात राहून, स्वखुशीनं तण राखू शकतो हे चौथं निदान पलूस तालुक्यात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ते आमच्या दाजींनी दहा गुंठ्यांत सिद्ध करून दाखवलं.

दाजी म्हणजे आमच्या अक्काचे यजमान. सहकारी बँकेत वसुलीला होते. त्यामुळे गाव त्यांना साहेब म्हणतं आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ते समोरून येताना दिसले की दोघं-तिघं सवयीनं गल्ली बदलतात. वाटणीत त्यांच्या वाट्याला घर आणि घरामागचे दहा गुंठे आले. वाटणी ही आमच्याकडची जुनीच चाल. सांगली जिल्हासुद्धा वाटणीतच निघालेला आहे. १९४९ साली थोरल्या साताऱ्यातून 'दक्षिण सातारा' वेगळा झाला आणि १९६० साली त्यानं सांगली हे नाव लावलं. अक्काचं माहेर साताऱ्याचं, म्हणजे थोरल्या पातीचं, हे ती सासरी अजून अधूनमधून ऐकवते.

गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. असे चाळीस झाले की एकर. दहा गुंठे म्हणजे पाव एकर. उसाच्या मुलखात एवढ्या तुकड्याला कुणी शेती म्हणत नाही, 'घराभोवतीचं' म्हणतात. एकरी शंभर टनाच्या गप्पा मारणाऱ्या गावात दहा गुंठ्यांचा ऊस म्हणजे तोडणीच्या मुकादमानं फोन न उचलण्याइतकाच. तेव्हा त्यात ऊस लावायचा नाही एवढं दाजींनी ठरवलं, तोवर गाव त्यांच्या बाजूला होतं.

मग त्यांच्या हाती पर्माकल्चर लागलं. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन या दोघांनी ऑस्ट्रेलियात टास्मानिया बेटावर बसून ही पद्धत मांडली, १९७८ साली पुस्तक काढलं. जंगल कुणी नांगरत नाही, खुरपत नाही, त्याला युरिया टाकत नाही, तरी ते हिरवं असतंच. मग आपलं शेत त्या धर्तीवर का रचू नये, असा साधारण मुद्दा. मोठी झाडं, त्यांच्या खाली लहान, त्यांच्या खाली झुडपं, वेल, कंद, आणि जमिनीवर पालापाचोळ्याची गादी. एकाचं खरकटं ते दुसऱ्याचं जेवण. दाजींनी हे सगळं मराठीत उतरवून अक्काला समजावलं. अक्का म्हणाली, "म्हणजे झाडायचं नाही, एवढंच ना?"

खरं तर दाजींनी टास्मानियापर्यंत जायची गरज नव्हती. साताऱ्याच्या दाभोळकर घराण्यातले श्रीपाद अच्युत दाभोळकर, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या नरेंद्र दाभोळकरांचे थोरले बंधू, गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवत. गणिताच्या माणसानं शेतीत डोकं घातलं की तो आधी भागाकार करतो. यांनी केला. पाच माणसांच्या कुटुंबाला चांगलं खाऊन-पिऊन राहायला दहा गुंठे पुरतात, असा त्यांचा हिशेब आला. शेतकऱ्यांनी आपापल्या रानात प्रयोग करायचे आणि जे कळेल ते एकमेकांना सांगायचं, या पायावर त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. त्याचे पट्टीचे गडी निघाले तासगावचे द्राक्षवाले. दाभोळकरांचं म्हणणं असं की शेतकऱ्याचं भांडवल जमीन नव्हे, जमिनीवर पडणारं ऊन. ते ऊन पकडतं पान. तेव्हा गुंठे मोजू नका, पानं मोजा.

आता हे ऐकून कुणालाही वाटेल की प्राध्यापकाला सुट्टी फार होती. पण तासगावात पानं खरोखर मोजतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, आणि मग एका घडामागं बारा-पंधरा पानं राहिली की नाही हे बघत मांडवाखाली मान वर करून फिरणारा माणूस तुम्हाला त्या तालुक्यात कुठंही भेटेल. मानेचे पट्टे विकणाऱ्यांना तिथं मरण नाही. ह्याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेतल्या थॉमसन सीडलेसमधून वेगळी निघालेली वेल हेरली आणि तिचा 'तास-ए-गणेश' झाला. तासगावचा गणपती द्राक्षाच्या नावात जाऊन बसला. पलूसहून तासगाव दुचाकीवर अर्ध्या तासाचं. तरी दाजींना पहिला साक्षात्कार टास्मानियाच्या व्हिडिओवर झाला आणि दाभोळकर नंतर, कुणीतरी "अहो, हे तर आपल्या दाभोळकर सरांचं" असं सांगितल्यावर. मग मात्र त्यांनी 'विपुलाच सृष्टी' मागवलं, वाचलं आणि वसुलीच्या नोटिसांवर मारायचे तशा लाल पेन्सिलीच्या खुणा पानोपानी केल्या.

पहिला खटका नांगरावरून उडाला. शेजारच्या तात्यांनी शेजारधर्म म्हणून ट्रॅक्टर आणून उभा केला. तात्यांचा ऊस दाजींच्या पूर्वेला, द्राक्षबाग पश्चिमेला. मध्ये दाजी. दाजींनी सांगितलं, "नांगरायचं नाही. नांगरानं जमिनीचा जीव जातो." तात्या ट्रॅक्टरवरून उतरून खाली बसले. बसणं साहजिक होतं. तिथून किर्लोस्करवाडी दिसत नसली तरी भोंगा ऐकू यावा इतकी जवळ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली त्या माळावर कारखाना आणला तो लोखंडी नांगरांचा. त्याआधी त्यांचे पहिले मोजके नांगर खपेनात, कारण लोखंडानं जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत. ती समजूत काढण्यात एका थोर माणसाची उमेदीची वर्षं गेली. आणि आता त्याच पंचक्रोशीत, शिकलेला, निवृत्तिवेतन घेणारा माणूस सांगतोय की नांगरानं जमीन मरते! तात्यांचे आजोबा हेच म्हणायचे आणि गाव त्यांना अडाणी म्हणायचं. तात्यांच्या चेहऱ्यावर आजोबांची माफी मागावी की काय असा भाव पाहिल्याचं अक्का सांगते.

दाजींच्या बाजूनं बोलायला कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर होते. त्यांनी उसात आणि भातात नांगरणी सोडून दिली आणि तण उपटण्याऐवजी जागीच कुजवून जमिनीला खायला घातलं. जपानचे फुकुओका होते. त्यांचं 'एका काडातून क्रांती' दाजींच्या उशाशी असायचं. पण एक कोल्हापूरचा आणि एक जपानचा असे दोन साक्षीदार पलूसमध्ये चालत नाहीत. त्यातल्या त्यात जपानवाला चालला असता.

नांगर नाही तर पाचट. तोडणी झाली की उसाचं पाचट पेटवून द्यायचं ही आमच्याकडची रीत. जाळू नका म्हणून कृषी खातं वर्षानुवर्षं सांगतंय आणि वर्षानुवर्षं संध्याकाळी आभाळ धुरानं भरतंय. दाजी तात्यांकडे गेले, "पेटवू नका, मला द्या." तात्यांनी आनंदानं दिलं. दहा गुंठ्यांवर वीतभर जाडीचा थर बसला. पुढच्या वर्षी दाजी पुन्हा गेले. या वेळी तात्या लगेच हो म्हणाले नाहीत. ज्या वस्तूसाठी बँकेतला माणूस दुसऱ्यांदा चालत येतो तिच्यात काहीतरी असलं पाहिजे, असा त्यांनी विचार केला. तिसऱ्या खेपेला पाचटाचा भाव ठरला, ट्रॉलीवर, आणि वाहतूक घेणाऱ्याची. आजही तात्या स्वतःच्या उसातलं उरलेलं पाचट पेटवतातच. फक्त आता पेटवताना त्यांना नुकसान होतंय असं वाटतं. पर्यावरणासाठी एवढं काम कृषी खात्याच्या कुठल्याही पत्रकानं केलं नसेल.

पाचट पसरल्यावर पाहुणे येऊ लागले. सांत्वनाला. दाजींची थोरली चुलती काठी टेकत आली, पायरीवर बसली आणि अक्काला हळूच विचारलं, "त्याला काय होतंय गं? तू सांग." तालमीतली पोरं येऊन म्हणाली, "सायेब, दोन दिवसांत रान साफ करून देतो, पैसं नको." एक जण म्हणाला, साप होतील. आता सापाची भीती घालावी तर कुणी, ज्याची मुलगी बत्तीस शिराळ्याला दिलीय त्यानं! दुसरा म्हणाला, एवढी झाडी केली तर बिबट्या येईल. हे तो बारा फुटी उसाच्या फडाला पाठ टेकून सांगत होता. कऱ्हाड-शिराळ्याकडं बिबट्या जन्मतो उसात, वाढतो उसात, पण त्याचा आळ मात्र पपईच्या सात झाडांवर. ऊस ही आमच्याकडं वनस्पती समजली जातच नाही, ती संस्था आहे. संस्थेवर आळ घेऊन चालत नाही.

यानंतरचं प्रकरण स्वयंपाकघरात घडलं. जीवामृत नावाचं एक कालवण असतं. पद्मश्री सुभाष पाळेकरांनी ते घरोघरी नेलं. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, त्याच्या बेताचं गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. शेण-गोमूत्राला अक्काची हरकत नव्हती, ते शेजाऱ्याच्या गोठ्यातलं. बेसन तिच्या डब्यातलं. दिवाळी चार दिवसांवर आणि डबा हलका का लागतोय म्हणून ती बघायला गेली, तर लाडवाचं बेसन परसातल्या पिंपात, शेणाच्या संगतीत, तीन दिवस मुरत पडलेलं. त्या दिवशीचा संवाद मला दोघांकडून वेगवेगळा ऐकायला मिळाला. एका वाक्यावर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत आहे: "जमिनीला लाडू घाला, मला पोरांना काय सांगायचं ते सांगा."

तेव्हापासून दाजी अमृतजलाकडे वळले. ही दाभोळकरांच्या परिवारातल्या दीपक सचदे यांची वाट. एक किलो ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ, दहा लिटर पाणी. बेसन नाही. संसार वाचला. पुढं हे पाणी दहापट पातळ करायचं, त्यात कोरडा पाला भिजवायचा, त्याचे फूटभर उंचीचे वाफे लावायचे, वर थोडी माती, आणि गोड, आंबट, तिखट, कडू, तुरट, खारट अशा साऱ्या चवींच्या झाडांचं बी टाकायचं. एकविसाव्या दिवशी शेंडे छाटून तिथंच टाकायचे, बेचाळिसाव्या दिवशी पुन्हा, त्रेसष्टाव्या दिवशी सगळंच कापून मातीत मिळवायचं. हा एकविसाचा पाढा दाजींनी बँकेच्या कॅलेंडरवर लाल शाईनं मांडला. गाव आधीच काळजीत होतं. त्यात साहेब मेथी, अंबाडी, मोहरी, राजगिरा पेरतात, हातभर वाढवतात आणि खायच्या वेळेला कापून मातीत घालतात हे दिसल्यावर चुलती पुन्हा येऊन गेली.

पर्माकल्चरमध्ये जमिनीचे पट्टे पाडतात. रोज हात लागणारं ते दाराशी, आठवड्यानं लागणारं त्याच्या पलीकडं, आणि सगळ्यात शेवटचा पाचवा पट्टा रानाचा, तिथं माणसानं जायचंच नाही, निसर्गाला मोकळं सोडायचं. ऑस्ट्रेलियात हा पाचवा पट्टा घरापासून मैलभर लांब असत असेल. दाजींचा पाचवा पट्टा स्वयंपाकघराच्या खिडकीपासून तेहतीस पावलांवर, चिंचेखाली. "तिकडं जायचं नाही," अशी त्यांनी घरात सूचना दिली. नातू रोज तिकडंच असतो. गल्लीतल्या शेळ्याही. आणि 'इथं कुणी जात नाही' अशी ख्याती झालेल्या जागेचा आपल्याकडं जो उपयोग होतो तो टळावा म्हणून शेवटी पाचव्या पट्ट्याला तारेचं कुंपण घालावं लागलं. निसर्ग आता आत मोकळा आहे.

या विद्येत कडेला फार मान. दोन गोष्टी जिथं मिळतात, पाणी आणि माती, जंगल आणि कुरण, तिथं सगळ्यात जास्त जीवन असतं, म्हणून कडा वाढवा असं सांगतात. दाजींनी हे मला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं. मला काही नवल वाटलं नाही. सातारा-सांगलीत बांधाचं माहात्म्य सांगायला मॉलिसन कशाला? बांध कोरण्यावरून सख्खे भाऊ बोलायचे थांबतात. दर नांगरटीला एक वीत बांध इकडं सरकतो, पुढच्या वर्षी तिकडं. मोजणीवाले येतात, दगड रोवून जातात, रात्री दगडाला पाय फुटतात. दिवाणी न्यायालयातले निम्मे वकील ह्या दीड फुटाच्या पट्ट्यावर मुलांची शिक्षणं करतात. कडेला सर्वांत जास्त जीवन असतं, यात शंका घ्यायला जागाच नाही.

एका बाबतीत मात्र तात्या जिंकले, आणि ते नोंदवायला हवं. दाजींनी उताराला आडवे चर काढायला घेतले, पाणी अडवायला आणि जिरवायला. मी साताऱ्याचा, मला ते ओळखीचं वाटलं. आमच्या कोरेगाव, माण, खटावात हायड्रोमार्करनं समपातळी काढून सलग समतल चर खणायला शाळकरी पोरालाही येतं. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं २०१६ साली पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा जिंकली ती असल्या खणाखणीवरच. मी दाजींना शाबासकी दिली. तात्या बांधावरून म्हणाले, "पावनं, तुमच्या डोंगरात अडवा की पानी. हितं घालवायचं कसं त्येची सोय बघा." त्यांचं बरोबर होतं. कृष्णाकाठची काळी जमीन, खाली निचरा नाही, वर पाटपाण्यावर तीन पिढ्यांचा ऊस. पलूस-वाळव्यात कितीतरी रानं क्षारानं पांढरी पडलीत आणि लोक कर्ज काढून जमिनीखाली भोकं पाडलेले पाइप गाडतायत, पाणी बाहेर काढायला. सांगलीचा माणूस पाणी आयर्विन पुलाच्या फुटांत मोजतो, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो आकडा सत्तावन्नच्या वर गेलेला त्यानं बघितलाय. त्याला पाणी जिरवायला सांगणं म्हणजे धाडसच. दाजींनी चर तसेच ठेवले, पण तोंडं उघडून ओढ्याला काढून दिली. कडेनं अळू आणि केळी लावल्या. त्या माजल्या.

अळूवरून अक्काला आमची आई आठवली. आईच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर अळू होतं, खरकट्या पाण्यावर केळ, भिंतीवर घेवडा, शेणाच्या खड्ड्यावर भोपळा. दाजी म्हणाले, "म्हणजे तुमच्या आई पर्माकल्चरच करायच्या!" त्यांनी हे लिहूनही ठेवलं असावं. पण आम्हा भावंडांना खरं काय ते ठाऊक आहे. आई ते सगळं करायची कारण भाजीला पैसे नसायचे, आणि श्रावण ते कार्तिक आम्ही अळूचं फतफतं खाऊन घसा खाजवत शाळेत जायचो. दारावर पहिल्यांदा हातगाडी आली आणि आईनं रोख पैसे मोजून फ्लॉवर घेतला, त्या दिवसाइतकी ती कधी खूश दिसली नाही. पुढं तिनं केळीही काढून टाकल्या आणि परसात शहाबादी फरशी घातली.

दोनेक वर्षांत दाजींचं रान लागलं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. जमीन भुसभुशीत झाली, पाचट उचललं की गांडुळं दिसायची. शेवगा, पपई, कढीपत्ता, लिंबू, खाली हळद आणि आमच्या साताऱ्याहून नेलेलं आलं, मधे मिरच्या, वांगी, तोंडलीचा मांडव, कुंपणाला करवंद. तीसेक जातींची गणती दाजींनी वहीत ठेवली होती. गोष्ट एवढीच की निसर्ग हप्त्यानं देत नाही. देतो तेव्हा एकरकमी देतो. भाद्रपदात दुधी आले. पहिले चार कौतुकानं खाल्ले, पुढचे आठ गल्लीत वाटले. त्यानंतर अक्का पिशवी घेऊन निघाली की दारं लागायची. वसुलीच्या काळात दाजींना बघून लागायची तशीच. मी भेटायला गेलो की परतताना दोन पिशव्या ठरलेल्या. साताऱ्याच्या स्टँडवर उतरून मी रिक्षावाल्याला भाड्याबरोबर एक दुधी देऊ लागलो. हल्ली रिक्षावाले मला 'जवळचं भाडं घेत नाही' असं सांगतात.

कोंबड्याही पाळून झाल्या. कोंबडी उकरते, किडे खाते, खत टाकते, तिला या विद्येत ट्रॅक्टरचा मान आहे. पण दाजींच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना ट्रॅक्टर दिसत नसे, रस्सा दिसे. जावई दोनदा येऊन गेले आणि मशागत बंद पडली.

दाजी वसुलीतले, त्यामुळे जमाखर्च चोख. बाहेरून काय आणावं लागतं याची वही असते. मीठ, चहा, तांदूळ, गोडंतेल आणि साखर. चहूबाजूंनी ऊस, रात्री साखर कारखान्याच्या मळीचा वास थेट उशाशी, आणि वहीत दर महिन्याला पाच किलो साखर विकतची. वहीत मजुरीचा रकाना आहे, त्यात ठळक शून्य. मी विचारलं, "हे सगळं करतं कोण?" दाजी म्हणाले, "घरचंच मनुष्यबळ." मनुष्यबळ त्या वेळी डोक्यावर पाचटाचा भारा घेऊन मागून येत होतं. भारा खाली टाकून ती म्हणाली, "दाभोळकर सरांनी पाच माणसांचं कुटुंब म्हटलंय ना? खाणारी पाच धरलीत की राबणारी पाच, ते बघा एकदा पुस्तकात." दाजींनी पुस्तक काढलं. अजून बघतायत.

यंदा पीक पाहणीचा प्रश्न आला. २०२१ पासून सात-बारावर पीक लावायचं तर शेतकऱ्यानंच मोबाइलवर ई-पीक पाहणी करायची असते. रानात उभं राहायचं, पीक निवडायचं, क्षेत्र भरायचं, फोटो काढायचा. तात्यांचं दोन मिनिटांत उरकतं: ऊस, सगळं क्षेत्र, फोटो, झालं. दाजींसाठी भाच्याला बोलावलं. मी होतोच, तात्या बांधावर होते, अक्का हळदीतून आलं वेगळं करत बसलेली.

"मुख्य पीक?" भाच्यानं विचारलं.

"मुख्य असं काही नसतं," दाजी म्हणाले. "सगळी एकमेकांच्या आधारानं असतात."

"तसा पर्याय न्हाई, मामा. मिश्र पीक टाकू? मुख्य एक आणि दुय्यम दोन-तीन, एवढीच घेतंय ते."

बराच वेळ घासाघीस होऊन हळद मुख्य झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा तिचा मान मोठा, असं दाजींनीच सुचवलं. क्षेत्र? हळद सगळीकडंच होती, झाडांच्या सावलीत. दहा गुंठे. मग पपई आणि केळी. त्याही सगळीकडं, हळदीच्या वर. दहा गुंठे. मग शेवगा आणि आंबा. त्यांची सावली पपईवर. तेही दहा. भाच्यानं तिसऱ्यांदा दहा भरले आणि मोबाइलनं माघार घेतली. एकूण क्षेत्रापेक्षा जास्त क्षेत्र भरता येत नाही.

"बरोबरच भरलंय," दाजी म्हणाले आणि त्यांनी तिथंच, शेवग्याखाली उभं राहून, दाभोळकर समजावून द्यायला घेतले. शेवग्याचं पान विरळ, त्यातून गळून आलेलं ऊन पपईला पुरतं. पपईच्या पानांतून उतरलेलं कोवळं ऊन हळदीला भावतं. एकाच उन्हावर तीन मजले. म्हणून दहा गुंठ्यांत हिशेबानं तीस गुंठ्यांची पानं. मी इतकी वर्षं ऐकतोय, पण एवढं सोपं करून त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. भाचासुद्धा मोबाइल खाली करून वर बघायला लागला.

तात्यांनी टोपी काढली, वर बघितलं, पुन्हा घातली.

"म्हंजे, साहेब, हिशेबानं तीस गुंठं झालं."

"झालेच की."

"सात-बारावर दहा."

"दहा."

"मग वरच्या वीस गुंठ्याची वाटणी झालीया का भावकीत?"

दाजी गप्प झाले. पलीकडच्या बांधावर त्यांचा चुलतभाऊ गुरांना वैरण कापत होता. विळा थांबलेला आम्हा सगळ्यांना ऐकू आला. तोही वर बघत होता.

अक्कानं आल्याचा गड्डा झटकला. "आणि वन्संनी हक्कसोड दहाच गुंठ्याचं दिलंय," ती म्हणाली.